लॉगची गणितं सोडवायची कशी? सुरुवात घातांकापासून

अकरावी सायन्सच्या मुलांना लॉग पहिल्यांदा भेटतो तो बहुतेक वेळा गणिताच्या तासाला नाही, तर फिजिक्स किंवा केमिस्ट्रीच्या तासाला. सर फळ्यावर लांबलचक आकडेमोड मांडतात, "आता दोन्ही बाजूंचा लॉग घ्या" म्हणतात आणि अर्धा वर्ग शेजाऱ्याच्या वहीत डोकावायला लागतो. राज्य मंडळाच्या दहावीपर्यंतच्या पुस्तकांत लॉग आलेला नसतो, आणि बारावीच्या बोर्डाच्या पेपरला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. म्हणजे जी गोष्ट नीट शिकवलेलीच नाही, तीच हत्यार म्हणून हातात दिली जाते.

हा लेख त्या मुलांसाठी आहे, आणि शाळा सुटून बरीच वर्षं झाल्यावर स्पर्धा परीक्षेसाठी पुन्हा गणित काढून बसलेल्यांसाठीही. लॉगचे नियम पाठ करण्याआधी लॉग वाचायला शिका, एवढंच माझं सांगणं आहे. तो नीट वाचता आला की नियम आपोआप पटतात आणि विसरले तरी दोन ओळींत पुन्हा काढता येतात.

लिहिण्याची पद्धत आधी ठरवून घेऊ. २^५ म्हणजे २ चा ५ वा घात. लॉग_२(३२) म्हणजे पाया २ असलेला ३२ चा लॉग. वहीत हा २ लॉगच्या पायाशी बारीक अक्षरात लिहायचा. पाया लिहिलेलाच नसेल तर या लेखात तो १० समजा. अज्ञात संख्येला क्ष म्हणू.

लॉग म्हणजे एक प्रश्न

लॉग_२(३२) दिसलं की मनात असं वाचायचं: "२ चा कितवा घात केला की ३२ येतात?" दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस. पाचवा. म्हणून लॉग_२(३२) = ५.

संपलं. लॉगची व्याख्या एवढीच आहे. लॉगचं उत्तर हा नेहमी एक घातांक असतो. एकच गोष्ट दोन तऱ्हांनी लिहिता येते:

२^५ = ३२
लॉग_२(३२) = ५

पहिल्या ओळीला घातांकरूप म्हणू, दुसरीला लॉगरूप. एका रूपातून दुसऱ्यात जाताना गोंधळ होतो तो कुठला आकडा कुठे जातो याचा. त्यावर उपाय असा की आधी पायावर बोट ठेवायचं. लॉगरूपात जो खाली बसलेला असतो, तोच घातांकरूपातही खाली असतो. बरोबरच्या चिन्हापलीकडे जे एकटं असतं तो लॉगरूपात घातांक आणि घातांकरूपात संख्या. सुरुवातीला दहा-बारा उदाहरणं फक्त या अदलाबदलीची करा, उत्तर काढायच्या भानगडीत न पडता. १०^३ = १००० याचं लॉगरूप? लॉग_१०(१०००) = ३. लॉग_३(८१) = ४ याचं घातांकरूप? ३^४ = ८१. कंटाळा येईल, पण पुढची निम्मी गणितं इथेच सुटतात.

जाता जाता एक गोष्ट. हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. नवव्या शतकाच्या सुरुवातीला वीरसेनाचार्यांनी लिहिलेल्या 'धवला' या टीकेत (म्हणजे जैन ग्रंथावरच्या भाष्यात) 'अर्धच्छेद' अशी कल्पना येते: एखादी संख्या किती वेळा निम्मी करता येते ते मोजायचं. ३२ चे १६, ८, ४, २, १. पाच वेळा, म्हणून ३२ चे अर्धच्छेद पाच. हा सरळसरळ पाया २ चा लॉग झाला. तिनाने भाग देत गेलं तर त्रिकच्छेद, चाराने दिला तर चतुर्थच्छेद, असेही प्रकार तिथे आहेत. ही टीका छापून येऊ लागली ती १९३९ पासून, अमरावतीहून, हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली.

घातांक कच्चा असेल तर इथेच थांबा

लॉग अवघड वाटणाऱ्या दहातल्या बहुतेकांचा खरा प्रश्न लॉगचा नसतो, घातांकाचा असतो. चार गोष्टी पक्क्या हव्यात:

शून्य घात: कुठल्याही धन संख्येचा शून्यावा घात १. म्हणून ७^० = १.
ऋण घात: २^(−३) म्हणजे १/(२^३), म्हणजे १/८. ऋण घातांकाने संख्या ऋण होत नाही, उलटी होते.
अपूर्णांक घात: ९^(१/२) म्हणजे ९ चं वर्गमूळ, ३. आणि ८^(२/३) म्हणजे ८ चं घनमूळ २, त्याचा वर्ग ४.
पाया सारखा असेल तर गुणताना घातांकांची बेरीज, भागताना वजाबाकी, आणि घाताचा घात करताना गुणाकार: २^३ × २^४ = २^७; २^७ ÷ २^४ = २^३; (२^३)^४ = २^१२.

ही शेवटची ओळ लक्षात ठेवा. लॉगचे तिन्ही मोठे नियम तिच्यातूनच निघणार आहेत.

पहिल्या प्रकारची गणितं: किंमत काढा

सोपी आधी. लॉग_५(१/२५) किती? ५ चा कितवा घात १/२५? ५^२ = २५, उलटे केले की १/२५, म्हणून घातांक −२. लॉग_१०(०.००१)? ०.००१ म्हणजे १०^(−३), उत्तर −३. लॉग_७(१)? ७ चा शून्यावा घात १, उत्तर ०. लॉग_७(७)? उत्तर १. शेवटच्या दोन उत्तरांत ७ ऐवजी कुठलाही चालणारा पाया घातला तरी फरक पडत नाही.

आता थोडं अडणारं: लॉग_९(२७). ९ चा पहिला घात ९, दुसरा ८१. २७ मध्येच कुठेतरी. अशा वेळी अंदाज करत बसू नका, उत्तराला क्ष म्हणा आणि घातांकरूपात उतरा:

९^क्ष = २७
(३^२)^क्ष = ३^३
३^(२क्ष) = ३^३
२क्ष = ३, म्हणून क्ष = ३/२

युक्ती दुसऱ्या ओळीत आहे. ९ आणि २७ दोघेही ३ चे घात आहेत हे ओळखायचं आणि दोन्ही बाजू ३ वर आणायच्या. पाया सारखे झाले की घातांक समोरासमोर ठेवता येतात. यासाठी २ चे घात १०२४ पर्यंत, ३ चे ७२९ पर्यंत आणि ५ चे ३१२५ पर्यंत तोंडपाठ असावेत. पाठांतराच्या मी फारसा बाजूचा नाही, पण हे पाढ्यांसारखं आहे, नसेल तर प्रत्येक पायरीला ठेच लागते.

उत्तर आलं की ते पटतंय का बघा. २७ हा ९ आणि ८१ यांच्या मध्ये आहे, म्हणून उत्तर १ आणि २ च्या मध्ये यायला हवं. दीड आलं. ठीक.

चालतं काय, चालत नाही काय

लॉग_२(−८) किती? २ चा कितवा घात −८? कुठलाच नाही. २ चा घात धन करा, ऋण करा, शून्य करा, उत्तर धनच येतं. म्हणून ऋण संख्येचा लॉग नसतो, शून्याचाही नसतो. (वास्तव संख्यांपुरतं बोलतोय. पुढे संमिश्र संख्यांत वेगळी गंमत आहे, ती सध्या नको.)

पायालाही अटी आहेत: तो धन हवा आणि १ नको. १ का नको? १ चा कितीही घात केला तरी १ च. मग लॉग_१(५) ला उत्तरच नाही आणि लॉग_१(१) ला वाटेल ते उत्तर. असला पाया काय कामाचा.

दोन्हीकडची गल्लत टाळा: लॉगच्या आतली संख्या धनच लागते, पण लॉगचं उत्तर ऋण येऊ शकतं. ०.००१ चा −३ आलाच की वर. पाया १ पेक्षा मोठा असताना आतली संख्या ० आणि १ च्या मध्ये असली की उत्तर ऋण.

अज्ञात कुठेही बसू शकतो

लॉगमध्ये तीन जागा आहेत: पाया, संख्या, घातांक. परीक्षेत यापैकी कुठलीही एक लपवतात. तिन्हीला औषध एकच, घातांकरूप.

लॉग_३(क्ष) = ४ असेल तर क्ष = ३^४ = ८१. हा सगळ्यात सोपा प्रकार आणि नवखे यालाच घाबरतात.

लॉग_क्ष(६४) = ३ असेल तर क्ष^३ = ६४, म्हणून क्ष = ४.

लॉग_क्ष(१६) = २ असेल तर क्ष^२ = १६. इथे क्ष = ४ किंवा −४ असं लिहायचा मोह होतो. −४ पाया म्हणून चालत नाही, तो खोडायचा. उत्तर फक्त ४.

आता नियम

घातांकाची ती ओळ आठवा: गुणाकारात घातांकांची बेरीज. लॉग म्हणजेच घातांक, त्यामुळे गुणाकाराचा लॉग म्हणजे लॉगची बेरीज. समजा १०^म = अ आणि १०^न = ब. मग अ × ब = १०^(म + न). लॉगरूपात लिहा: लॉग(अ × ब) = म + न = लॉग अ + लॉग ब. सिद्धता झाली. याच चालीवर बाकीचे दोन:

लॉग(अ × ब) = लॉग अ + लॉग ब
लॉग(अ ÷ ब) = लॉग अ − लॉग ब
लॉग(अ^न) = न × लॉग अ

पाया कुठलाही असो, मात्र एका ओळीत सगळीकडे तोच हवा.

लॉग २ = ०.३०१० आणि लॉग ३ = ०.४७७१ एवढे दोन आकडे लक्षात ठेवा, मग बघा किती निघतं. लॉग १२? १२ = २ × २ × ३, म्हणून ०.३०१० + ०.३०१० + ०.४७७१ = १.०७९१. लॉग १.५? ३ भागिले २, म्हणून ०.४७७१ − ०.३०१० = ०.१७६१. लॉग ५ साठी मुलं अडतात, कारण २ आणि ३ च्या गुणाकारातून ५ निघत नाही. पण ५ = १० ÷ २, आणि लॉग १० = १. म्हणून १ − ०.३०१० = ०.६९९०. आता लॉग ४५ तुम्हीच काढा: ४५ = ९ × ५, उत्तर १.६५३२ यायला हवं. लॉग ७ मात्र या मार्गाने मिळणार नाही. ७ मूळ संख्या आहे आणि ती १० चा अवयवही नाही. तिच्यासाठी वेगळा आकडा पाठ करावा लागतो, ०.८४५१.

नियम उलट्या दिशेने वापरून लांब पदावली आवळायची, हा परीक्षेचा लाडका प्रकार. उदाहरणार्थ:

२ लॉग ६ + लॉग ५० − लॉग १८

आधी पुढचे गुणक घातांक म्हणून आत न्या: २ लॉग ६ = लॉग ३६. मग बेरीज म्हणजे गुणाकार, वजाबाकी म्हणजे भागाकार: लॉग(३६ × ५० ÷ १८) = लॉग १०० = २. क्रम महत्त्वाचा आहे. गुणक आत नेल्याशिवाय बेरीज-वजाबाकीला हात लावू नका.

इथे सगळे घसरतात

लॉग(अ + ब) चं काही होत नाही. ते तसंच राहतं. लॉग(अ + ब) = लॉग अ + लॉग ब ही लॉगमधली सगळ्यात जास्त वेळा केली जाणारी चूक आहे. शंका आली तर आकडे घालून बघा: लॉग(१० + १०) म्हणजे लॉग २०, म्हणजे १.३०१०, पण लॉग १० + लॉग १० = २. मजा म्हणजे लॉग(१ + २ + ३) = लॉग १ + लॉग २ + लॉग ३ हे मात्र खरं आहे, कारण १ + २ + ३ आणि १ × २ × ३ दोन्ही ६ च येतात. हा योगायोग, नियम नव्हे. पण तोंडी परीक्षेत विचारतात.

लॉग अ ÷ लॉग ब आणि लॉग(अ ÷ ब) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लॉग १००० ÷ लॉग १० = ३. लॉग(१००० ÷ १०) = २.

(लॉग अ)^२ म्हणजे २ लॉग अ नव्हे. घातांक खाली उतरतो तो आतल्या संख्येचा, संपूर्ण लॉगवर बसलेला नाही.

पाया बदलणं

कॅल्क्युलेटरवर किंवा टेबलमध्ये पाया १० चा लॉग मिळतो, गणितात पाया २ चा विचारलाय. मग:

लॉग_ब(अ) = लॉग अ ÷ लॉग ब

उजवीकडचे दोन्ही लॉग एकाच पायाचे हवेत, तो कुठलाही घ्या. लॉग_२(१०) = १ ÷ ०.३०१० = ३.३२. खरंय का? २^३ = ८, २^४ = १६, १० मध्ये आहे. ठीक. लॉग_८(३२) ला पाया २ घेतला तर ५/३, दशांशाची गरजच नाही.

याच सूत्रातून एक सुंदर साखळी निघते: लॉग_२(३) × लॉग_३(४) × लॉग_४(५) × लॉग_५(६) × लॉग_६(७) × लॉग_७(८). प्रत्येकाचा पाया बदलून अपूर्णांक लिहा. अंश-छेद तिरपे कटत जातात आणि शेवटी उरतं लॉग ८ ÷ लॉग २, म्हणजे ३.

समीकरणं: सोडवा आणि परत जाऊन तपासा

लॉग_२(क्ष) + लॉग_२(क्ष − २) = ३

पहिली पायरी, दोन लॉगचा एक करा: लॉग_२(क्ष(क्ष − २)) = ३. दुसरी, घातांकरूप: क्ष^२ − २क्ष = ८. तिसरी, वर्गसमीकरण: (क्ष − ४)(क्ष + २) = ०, म्हणून क्ष = ४ किंवा −२. चौथी पायरी बहुतेक वहीत नसते आणि मार्क तिथेच जातात: मूळ समीकरणात किमती घाला. क्ष = ४ घातलं तर लॉग_२(४) + लॉग_२(२) = २ + १ = ३. बरोबर. क्ष = −२ घातलं तर लॉग_२(−२), अस्तित्वातच नाही. म्हणून उत्तर फक्त ४.

हा −२ आला कुठून? दोन लॉग एकत्र केले तेव्हा आतला गुणाकार धन असला की भागत होतं, आणि दोन ऋण संख्यांचाही गुणाकार धनच येतो. सुरुवातीची कडक अट त्या पायरीला ढिली झाली. म्हणून तपासणी मूळ समीकरणात करायची, मधल्या ओळीत नाही.

उलटंही घडतं, खरं उत्तर हरवतं. लॉग(क्ष^२) = ४ घ्या. घाईत २ खाली आणून २ लॉग क्ष = ४ केलंत तर क्ष = १०० एवढंच मिळेल. पण क्ष = −१०० सुद्धा चालतं, कारण आत क्ष^२ आहे आणि तो धन आहे. घातांकरूपात गेलात, म्हणजे क्ष^२ = १०,०००, तर दोन्ही उत्तरं हाती लागतात. क्ष धन आहे हे सांगितलेलं नसेल तर सम घात खाली आणताना सावध.

वजाबाकीचा प्रकार: लॉग_३(क्ष + ६) − लॉग_३(क्ष − २) = २. भागाकार करून घातांकरूप: (क्ष + ६) ÷ (क्ष − २) = ९. क्ष + ६ = ९क्ष − १८, म्हणून क्ष = ३. ताळा: लॉग_३(९) − लॉग_३(१) = २ − ० = २.

कधी लॉगच स्वतः अज्ञातासारखा वागतो. (लॉग क्ष)^२ − ३ लॉग क्ष + २ = ० मध्ये लॉग क्ष ला य म्हणा. य^२ − ३य + २ = ०, य = १ किंवा २, म्हणून क्ष = १० किंवा १००.

आणि लॉग दिसतच नसताना तो लागतो असा प्रकार: ३^क्ष = २०. २० हा ३ चा सरळ घात नाही. दोन्ही बाजूंचा लॉग घ्या: क्ष × लॉग ३ = लॉग २०, क्ष = १.३०१० ÷ ०.४७७१ = २.७३ च्या जवळ. ३^२ = ९ आणि ३^३ = २७, तेव्हा पटण्यासारखं.

लॉग टेबल आणि ती डोक्यावरची रेघ

स्कॉटलंडमधल्या जॉन नेपिअरने १६१४ मध्ये लॉगची पहिली कोष्टकं छापली ती खगोलशास्त्रातल्या आणि नौकानयनातल्या राक्षसी गुणाकारांपासून सुटका व्हावी म्हणून. पुढच्याच वर्षी लंडनहून हेन्री ब्रिग्ज त्याला भेटायला एडिनबर्गला गेला आणि पाया १० सोयीचा पडेल असं दोघांत ठरलं. १६१७ मध्ये ब्रिग्जने १ ते १००० या संख्यांचे पाया १० चे लॉग प्रसिद्ध केले. आपण वापरतो ते टेबल त्याच घराण्यातलं.

पाया १० सोयीचा का? कारण २.३४५, २३.४५ आणि २३४.५ यांच्या लॉगमधला दशांशानंतरचा भाग एकच राहतो. तेवढा भाग टेबलमध्ये मिळतो, त्याला मँटिसा म्हणतात. दशांशाआधीचा भाग, कॅरॅक्टरिस्टिक, आपण बघून लिहायचा: संख्या १ किंवा मोठी असेल तर पूर्णांक भागातले अंक वजा एक. २३४.५ मध्ये तीन अंक, कॅरॅक्टरिस्टिक २.

२३४.५ × ०.०६७८९ करून बघू. टेबलमध्ये २३ ची ओळ, ४ चा रकाना: ३६९२. उजवीकडच्या मीन डिफरन्सच्या रकान्यांत (चौथ्या अंकासाठी किती मिळवायचं ते तिथे असतं) ५ खाली ९. बेरीज ३७०१. म्हणून लॉग २३४.५ = २.३७०१.

०.०६७८९ साठी ६७ ची ओळ, ८ चा रकाना: ८३१२, मीन डिफरन्समध्ये ९ खाली ६, एकूण ८३१८. कॅरॅक्टरिस्टिक ऋण: दशांश चिन्हानंतर लगेच येणारी शून्यं मोजा आणि एक मिळवा. एक शून्य, म्हणून −२. इथे −२.८३१८ असं लिहिलंत तर चुकलं. ऋण फक्त २ आहे, ०.८३१८ धनच आहे. म्हणून २ च्या डोक्यावर आडवी रेघ देतात आणि 'बार टू' म्हणतात. कॅल्क्युलेटर याच संख्येचा लॉग −१.१६८२ दाखवतो. −२ + ०.८३१८ करून बघा, तेच येतं. कॅल्क्युलेटर चुकला की टेबल, असा वाद घालण्याचं कारण नाही.

बेरीज: २ आणि बार २ मिळून शून्य, ०.३७०१ + ०.८३१८ = १.२०१९. आता अँटिलॉग टेबलमध्ये (लॉगवरून मूळ संख्या देणारं टेबल) फक्त ०.२०१९ बघायचं: ०.२० ची ओळ, १ चा रकाना १५८९, ९ साठी ३, एकूण १५९२. कॅरॅक्टरिस्टिक १, म्हणजे दशांशाआधी दोन अंक. उत्तर १५.९२. हाताने गुणून बघा, जुळतं.

कॅरॅक्टरिस्टिकचा आणखी एक उपयोग: २^१०० मध्ये किती अंक? १०० × ०.३०१० = ३०.१०. कॅरॅक्टरिस्टिक ३०, त्यात एक मिळवून ३१ अंक. संख्या न लिहिता तिची लांबी कळली.

हे सगळं लागतं कुठे

बँकेत ८ टक्के चक्रवाढीने पैसे ठेवले तर दुप्पट कधी? १.०८^न = २. लॉग घ्या: न = ०.३०१० ÷ ०.०३३४, म्हणजे ९ वर्षं. एजंट लोक '७२ भागिले व्याजदर' असा हिशोब सांगतात तो याचाच आडाखा आहे. ६ टक्क्यांना आडाखा १२ वर्षं देतो, लॉग ११.९.

केमिस्ट्रीत पीएच म्हणजे हायड्रोजन आयनांच्या कॉन्सन्ट्रेशनचा पाया १० चा लॉग, चिन्ह बदलून. लिटरला ०.००२ मोल असेल तर लॉग(२ × १०^(−३)) = ०.३०१० − ३ = −२.६९९, म्हणून पीएच साधारण २.७. पीएच १ ने कमी झाला तर आयन दहापट वाढलेले असतात.

भूकंपाचंही तसंच. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप साधारण ६.२ तीव्रतेचा होता, २६ जानेवारी २००१ चा भुजचा साधारण ७.७. फरक दीडचा. मापनश्रेणी लॉगची असल्यामुळे ७.७ आणि ६.२ चा भागाकार करण्यात अर्थ नाही. ऊर्जेसाठी फरकाला १.५ ने गुणून तेवढा १० चा घात घेतात: १०^२.२५, म्हणजे जवळपास १७८ पट. तरीही जीवितहानी या आकड्यावर ठरत नाही. भूकंपाची खोली, घरांची बांधणी आणि वेळ यांवर ती ठरते. किल्लारीत पहाटे लोक दगडमातीच्या घरांत झोपेत होते.

हात बसवण्यासाठी सात गणितं

१) लॉग_५(६२५)
२) लॉग_१६(८)
३) लॉग_क्ष(१/८१) = −४, क्ष किती?
४) लॉग ४ + २ लॉग ५
५) लॉग_३(क्ष) + लॉग_३(क्ष − ८) = २
६) ३^५० मध्ये किती अंक?
७) ५^क्ष = १००, दोन दशांश स्थळांपर्यंत.

उत्तरं: ४, ३/४, ३, २, ९, २४, २.८६. तिसऱ्यात −३ आणि पाचव्यात −१ हेही तुमच्या यादीत राहिले असतील, तर आधी 'चालतं काय, चालत नाही काय' हा भाग पुन्हा वाचा आणि मगच पुढच्या स्वाध्यायाला हात घाला.